यान आपलं, सुकाणू आपल्या कोडच्या हाती

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

गेले तीन महिने रोज रात्री मी माझी अंतराळयानं लढताना बघतोय. बघतोय म्हणजे नुसतं बघतोय, कारण या खेळात हाताने काही करायचंच नसतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लढाई सुरू होण्याआधी तुम्ही एक प्रोग्राम लिहायचा. सेकंदाला ६० वेळा खेळ तुमच्या यानाला विचारतो, "आता काय?" आणि तुमचं फंक्शन उत्तर देतं: या दिशेला इतकं त्वरण, इतकं वळण, गोळी झाड किंवा थांब. समोरच्या यानाचंही तसंच. एकदा लढाई सुरू झाली की दोघेही खेळाडू फक्त प्रेक्षक. मी खेळतो त्या खेळाचं नाव ऊर्ट. त्यात रस्ट भाषेत लिहायचं, कोडचं वेबअसेंब्लीत रूपांतर होतं आणि लढाई ब्राउझरमध्येच चालते. फायटर, फ्रिगेट, क्रूझर असे यानांचे प्रकार आहेत, क्षेपणास्त्रं आहेत, रडार आहे, आणि आपल्या यानांना एकमेकांशी बोलायला रेडिओही आहे.

धागा काढायचं कारण असं की नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण डावपेचांपासून सुरुवात करतो. वेढा कसा घालायचा, माघार कधी घ्यायची, कुणाला आधी पाडायचं. मीही तेच केलं आणि पहिले दोन आठवडे फुकट घालवले. कारण माझ्या यानाला साधं वळता येत नव्हतं.

ते नीट सांगतो, कारण इथेच सगळी गोम आहे. माझा पहिला नियम असा होता: शत्रू डावीकडे असेल तर डावीकडे पूर्ण जोर लाव, उजवीकडे असेल तर उजवीकडे. वाचायला यात काही चूक दिसत नाही. लढाई सुरू केली. शत्रू ६० अंश डावीकडे होता. यान वळायला लागलं, बरोबर शत्रूच्या रोखाने आलं आणि तिथे न थांबता पुढे निघून गेलं. किती पुढे? आणखी ६० अंश. मग उलटा जोर लागला, यान परत फिरलं, पुन्हा शत्रूला ओलांडून ६० अंश पलीकडे. घड्याळाच्या लंबकासारखं. अंतराळात घर्षण नाही, त्यामुळे हा झोका आपोआप कमी होत नाही. शत्रू समोरून शांतपणे गोळ्या झाडत होता आणि माझं यान त्याच्यापुढे मान हलवत उभं होतं.

कारण साधं आहे. ६० अंश पूर्ण जोराने वळून जो फिरण्याचा वेग येतो, तो मारायलाही तेवढेच ६० अंश लागतात. म्हणजे अर्ध्या वाटेवर ब्रेक लावायला हवा. मी आधी "अर्ध्या वाटेवर" असंच कोड केलं होतं, पण शत्रू स्वतः हलत असतो, त्यामुळे अर्धी वाट दर क्षणी बदलते. शेवटी शाळेतलं सूत्र कामाला आलं. उरलेला कोन आणि यानाचं कमाल कोनीय त्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, तिचं वर्गमूळ काढायचं. या क्षणी यानाला परवडणारा फिरण्याचा वेग तो. सध्याचा वेग त्याहून कमी असेल तर जोर लावायचा, जास्त असेल तर ब्रेक. दर टिकला, म्हणजे खेळ यानाला विचारतो त्या प्रत्येक वेळी, हे नव्याने मोजायचं.

ते लिहिलं आणि यान पहिल्यांदा वळून थांबलं. शत्रूच्या रोखाने, स्थिर. मी ती लढाई हरलो, पण त्या रात्री मला झोप आली नाही इतका आनंद झाला होता.

एक बारीक दुरुस्ती राहिली होती. लक्ष्याच्या अगदी जवळ आल्यावर यान थरथरायचं. एका टिकमध्ये जितका कोन उरलाय त्यापेक्षा जास्त फिरलं जात होतं, म्हणून पुढच्या टिकला उलटं. उपाय म्हणजे वर्गमूळवाला वेग आणि "उरलेला कोन एकाच टिकमध्ये संपवायला लागणारा वेग" यांतला जो लहान तो घ्यायचा. थरथर गेली.

तर माझं म्हणणं हे: आधी यानाला वळायला, थांबायला, नेम धरायला शिकवा. डावपेच त्यानंतर. तुमचे अनुभव लिहा.

---

कोरी_पाटी

मस्त लिहिलंय. मला थोडं पायथन येतं, रस्टचं अक्षरही नाही. तरी सुरुवात करता येईल का?

---

ध्रुवमत्स्य

नक्की येईल. खेळासाठी जेवढं रस्ट लागतं ते फार नाही. चल-अचल, इफ-एल्स, सदिशांची बेरीज-वजाबाकी एवढ्यावर पहिल्या काही पायऱ्या पार पडतात. आतल्या धड्यांचा क्रमही चांगला आहे, एकेक करत त्वरण, वळणं, नेम, रडार असं पुढे नेतो. धडे गाळून थेट लढतींत उतरू नका, एवढंच सांगेन.

---

जुना_टर्मिनल

धागा वाचून खूप बरं वाटलं. या खेळांची परंपरा किती जुनी आहे हे नव्या मुलांना माहीत असावं म्हणून लिहितो.

१९६१ मध्ये बेल लॅब्जमध्ये व्हिक्टर व्हिसॉत्स्की, रॉबर्ट मॉरिस आणि डग मॅकिलरॉय यांनी आयबीएम ७०९० संगणकावर 'डार्विन' नावाचा खेळ केला. त्यात माणसं एकमेकांशी खेळत नव्हती, त्यांनी लिहिलेले प्रोग्राम संगणकाच्या स्मृतीत एकमेकांना शोधून मारत होते. पुढे मे १९८४ मध्ये ए. के. ड्यूडनी यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात 'कोअर वॉर' लोकांसमोर आणला. त्यातला सगळ्यात छोटा लढवय्या, 'इम्प', फक्त एका सूचनेचा होता: स्वतःची प्रत पुढच्या घरात ठेव. प्रत ठेवली की पुढची पाळी त्या प्रतीची, ती पुन्हा पुढच्या घरात प्रत ठेवणार. असं करत तो गोलाकार स्मृतीभर चालत राहतो आणि वाटेत जे येईल त्यावर स्वतःला लिहून टाकतो. एका ओळीचा प्रोग्राम!

आणि १९८१ मध्ये ॲपल टू संगणकावर सायलस वॉर्नर यांचा 'रोबोटवॉर' आला होता. तिथे रणांगण होतं, रोबोट होते, रडार होतं. तुमच्या यानांचे थेट पूर्वज तेच. मी स्वतः रोबोकोडमध्ये बरीच वर्षं काढली. २००१ मध्ये आलेला, जावात लिहायचा, रणगाड्यांचा खेळ. त्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी.

रोबोकोडमध्ये शत्रूची गोळी तुम्हाला दिसत नाही. शत्रूची ऊर्जा मात्र रडारवर दिसते. गोळी झाडायला ०.१ ते ३ एवढी ऊर्जा खर्च होते. म्हणजे कशाशी टक्कर नाही, आपली गोळी लागली नाही, तरी शत्रूची ऊर्जा एका टिकमध्ये समजा २ ने कमी झाली, तर त्याने आत्ताच गोळी झाडली! आणि गोळीचा वेग ठरलेला: २० वजा ऊर्जेची तिप्पट. २ ऊर्जेची गोळी १४ वेगाने येणार. न दिसलेल्या गोळीचा वेगही कळला आणि सुटल्याची वेळही. मग ती सुटली त्या जागेभोवती पसरत जाणारं वर्तुळ मनात धरायचं आणि ते आपल्यापर्यंत पोहोचेल तेव्हा कमी धोक्याच्या जागी असायचं. पहिल्यांदा हे कोड चाललं तेव्हा माझा रणगाडा रिकाम्या मैदानात कशाला तरी चुकवत सरकताना दिसत होता. न दिसणाऱ्या गोळ्यांना.

---

टिकटिक

@जुना_टर्मिनल, अप्रतिम. शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

---

अर्धवर्तुळ

नेमाबद्दल लिहितो. धागाकर्त्यांनी वळणं सोडवलंय, पण शत्रूच्या रोखाने वळून गोळी झाडली तर ती लागत नाही. शत्रू १००० मीटरवर आहे, गोळीचा वेग सेकंदाला १००० मीटर, म्हणजे पोहोचायला एक सेकंद. शत्रू आडवा सेकंदाला १०० मीटर वेगाने जात असेल तर गोळी तिथे पोहोचेपर्यंत तो १०० मीटर पुढे सरकलेला असतो. २० मीटरच्या यानाच्या ही गोळी जवळूनही जात नाही.

सोपी रीत: अंतराला गोळीच्या वेगाने भागून वेळ काढा. त्या वेळात शत्रू कुठे असेल ते काढा. आता त्या नव्या जागेपर्यंतचं अंतर घेऊन वेळ पुन्हा काढा. तीन-चार फेऱ्यांत आकडा स्थिरावतो. अचूक रीत म्हणजे वर्गसमीकरण. आणि शत्रूचा वेग घेताना आपल्या वेगाच्या सापेक्ष घ्या, कारण आपलं यान पळत असेल तर गोळी तो वेगही बरोबर घेऊन निघते.

वर्गसमीकरणाने मला एकदा चांगलंच फसवलं. शत्रूचा वेग गोळीपेक्षा कमी असेल तोवर उत्तर नेहमी मिळतं. एका लढतीत मी दूरच्या क्षेपणास्त्रांवरही तोच कोड वापरला, आणि माझ्या त्या छोट्या बंदुकीच्या गोळीपेक्षा क्षेपणास्त्र वेगवान निघालं. वर्गमूळाखाली ऋण संख्या आली. उत्तर म्हणून 'नॅन' मिळालं, म्हणजे 'ही संख्याच नाही'. हे नॅन ज्या आकड्यात मिसळतं तो आकडाही नॅन होतो. नेमाचा कोन नॅन, मग वळण नॅन, आणि मी मागच्या टिकचा कोन साठवून ठेवत होतो, त्यामुळे तोही कायमचा नॅन. त्यावर "वेग जास्त आहे का?" विचारलं तर उत्तर "नाही", "कमी आहे का?" विचारलं तरी "नाही". यान त्या क्षणी जसं होतं तसंच वाहत राहिलं, पूर्ण शस्त्रसज्ज, एकही ओरखडा नाही, आणि उरलेली सगळी लढाई त्याने काही केलं नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामने लिहून ठेवलेल्या नोंदींत, एका ठरावीक टिकपासून खाली सगळीकडे नॅन, नॅन, नॅन. तेव्हापासून वर्गमूळाआधी चिन्ह तपासल्याशिवाय मी एकही ओळ पुढे जाऊ देत नाही.

---

कोरी_पाटी

@अर्धवर्तुळ, पण शत्रू सरळ जातच नसेल तर? वाकडातिकडा पळाला तर हे सगळं गणित वाया नाही का?

---

अर्धवर्तुळ

चांगला प्रश्न. त्याचं उत्तर अंतरात आहे. शत्रूचं त्वरण ४० मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद धरा. गोळी यायला एक सेकंद लागत असेल तर तो जास्तीत जास्त २० मीटर बाजूला सरकू शकतो. यानाची रुंदीच तेवढी आहे, म्हणजे थोड्या गोळ्या पसरून झाडल्या तर लागतीलच. दीड सेकंद लागत असेल तर ४५ मीटर. तीन सेकंदांत १८० मीटर. अंतर तिप्पट, पण चुकवायची जागा नऊपट. म्हणून लांबून गोळ्या उधळू नयेत.

आणि स्वतः चुकवताना लयीत डोलू नका. मी बरेच दिवस साइन लाट वापरायचो, दिसायला फार छान दिसतं. पण लय असली की समोरचा ती शिकतो. दिशाही यादृच्छिक हवी आणि ती बदलण्याची वेळही.

---

बेरीज_वजाबाकी

मला संख्याबळाबद्दल बोलायचंय. एकास एक लढाईत नेम महत्त्वाचा, पण ताफा विरुद्ध ताफा आला की वेगळंच गणित लागू होतं.

इंग्लिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टरने १९१४ मध्ये दाखवून दिलं की लांब पल्ल्याच्या शस्त्रांनी लढणाऱ्या दोन फौजांची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे मोजायची. १० यानं विरुद्ध ७, सगळी सारखीच. वाटतं की ३ उरतील. पण १०० वजा ४९ म्हणजे ५१, आणि त्याचं वर्गमूळ ७ च्या थोडं वर. सात नष्ट करून सात शिल्लक! कारण लढाईच्या प्रत्येक क्षणी मोठ्या ताफ्याच्या बंदुका जास्त असतात आणि हा फरक वाढतच जातो.

कोडमध्ये याचा अर्थ असा की ताफा विखरू देऊ नका आणि सगळ्यांनी एकाच शत्रूवर मारा करा. पण एक सांभाळा. शत्रूला संपवायला दोन गोळ्या पुरत असतील आणि दहाही यानांनी त्याच्यावर झाडली तर आठ गोळ्या वाया. वाटेत असलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवा, आणि पुरेशा सुटल्या की उरलेल्यांनी पुढचं लक्ष्य घ्या. रेडिओवरून एवढीच माहिती पाठवली तरी फरक दिसतो.

हॅलाइटच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे टू सिग्मा कंपनीच्या २०१७-१८ च्या स्पर्धेत, यानं ग्रहांवर उतरून नवी यानं बनवायची. तिथे यानाचा मारा पल्ल्यातल्या सगळ्या शत्रूंमध्ये समान वाटला जायचा. म्हणजे एकटं यान तिघांत सापडलं की त्याचा मारा तिघांत विभागला जाणार आणि तिघांचा मारा त्याच्या एकट्यावर. गटाने फिरणं तिथे जगण्याची अट होती. नवख्यांची यानं तर पहिल्याच फेरीत आपल्याच यानांवर आदळायची.

---

रात्रपाळी

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. "आधी वळायला शिका" हे तुमच्या खेळापुरतं खरं आहे.

२०१० ची 'प्लॅनेट वॉर्स' स्पर्धा घ्या. वॉटरलू विद्यापीठाच्या संगणकशास्त्र क्लबने घेतलेली, गूगलने पाठबळ दिलेली. तिथे वळणं नव्हती, नेम नव्हता, गोळ्याच नव्हत्या. ग्रह होते, प्रत्येकावर काही यानं, तुमच्या ग्रहांवर दर फेरीला ठरावीक यानं वाढणार. एका ग्रहावरून दुसऱ्यावर ताफा पाठवायचा. एकदा निघालेला ताफा परत बोलावता येत नाही, आणि पोहोचल्यावर एकास एक वजाबाकी. वर्गाचा नियमही नाही, साधी वजाबाकी. २०० फेऱ्या, प्रत्येक फेरीला एक सेकंद. तिथे सगळा खेळ वेळेचा होता. शत्रू एखाद्या तटस्थ ग्रहावर ताफा पाठवतोय, तो तिथल्या यानांशी झुंजून अर्धा होणार. तुमचा छोटा ताफा बरोबर एका फेरीनंतर पोहोचला तर ग्रह तुमचा. एक फेरी आधी पोहोचलात तर शत्रूचं काम तुम्हीच करून दिलंत. हा शुद्ध डावपेच आहे.

---

ध्रुवमत्स्य

@रात्रपाळी, मुद्दा मान्य, आणि उदाहरण फार नेमकं दिलंत. मी "वळायला" म्हणालो ते माझ्या खेळातून आलं. पण तुमच्या उदाहरणातही बघा, "बरोबर एका फेरीनंतर" कळण्यासाठी प्रत्येक ग्रहाची पुढच्या फेऱ्यांतली स्थिती, सगळे उडते ताफे धरून, अचूक मोजणारं फंक्शन आधी हवं. ते एका फेरीने चुकलं तर डावपेच कितीही हुशार असो, ग्रह शत्रूच्या पदरात. माझं वळण आणि तुमचं ते फंक्शन मी एकाच पायरीवर ठेवेन.

---

रात्रपाळी

असं म्हणत असाल तर वाद नाही. माझंही ते फंक्शन बरेच दिवस एका फेरीने चुकत होतं. वाढ आधी धरायची की लढाई आधी, याचा क्रम मी उलटा लावला होता. बाय द वे, ती स्पर्धा गाबोर मेलिस यांच्या कॉमन लिस्पमधल्या बॉटने, म्हणजे खेळणाऱ्या प्रोग्रामने, जिंकली होती. भाषा कुठली हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

---

टिकटिक

क्षेपणास्त्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. क्षेपणास्त्राचं नाक सतत शत्रूकडे ठेवलं की ते त्याच्या मागे वळत जातं आणि शेवटी शेपटीमागे धावत बसतं, इंधन संपेपर्यंत. खलाशांना जुना नियम माहीत आहे: दुसरं जहाज एकाच दिशेला दिसत राहिलं आणि अंतर कमी होत गेलं, तर टक्कर होणार. क्षेपणास्त्राला तीच टक्कर हवी आहे. म्हणून शत्रू कुठे आहे याकडे न बघता तो दिसण्याची दिशा किती वेगाने बदलतेय हे मोजायचं. दिशा बदलण्याचा वेग गुणिले जवळ येण्याचा वेग गुणिले ३ ते ५ मधला एक आकडा. एवढं त्वरण आडवं द्यायचं. खरी क्षेपणास्त्रंही याच नियमावर चालत आली आहेत.

कोडच्या तीन ओळी. त्याआधी माझी साठ ओळींची कसरत होती, ती सगळी पुसली.

---

बेरीज_वजाबाकी

@टिकटिक, ४ ने सुरू करा म्हणेन. ५ ला रडारचा गोंगाटही (मोजमापातली बारीक चूक) वाढून येतो आणि क्षेपणास्त्र शेवटी थरथरतं.

---

जुना_टर्मिनल

आणखी एक, चाचणीबद्दल. कोड बदलला, १०० लढती खेळवल्या, ५५ जिंकल्या, झाली सुधारणा, असं म्हणू नका. दोन्ही आवृत्त्या अगदी सारख्या असत्या तरी १०० मध्ये पाच इकडे-तिकडे सहज होतात. १००० लढतींत ५५० आल्या तर मात्र विश्वास ठेवा.

आणि जुन्या आवृत्त्या फेकू नका. मी फक्त आदल्या आवृत्तीविरुद्ध तपासायचो. नवी तिला हरवायची, म्हणून मी पुढे जायचो. सहा आवृत्त्यांनंतर सहज म्हणून पहिलीशी लढवली आणि सहावी हरली! प्रत्येक पायरीवर मी फक्त आदल्याच्या खोडी शिकलो होतो. आता सगळ्या आवृत्त्या एका फोल्डरमध्ये आहेत, आणि नव्या कोडला त्या प्रत्येकीशी खेळावं लागतं.

---

कोरी_पाटी

चार दिवसांनी आलो. वळण्याचं वर्गमूळवालं सूत्र लिहिलं, बहुतेक वेळा यान छान वळून थांबतं. पण कधीकधी शत्रू अगदी जवळ, दोनच अंश डावीकडे असतो आणि यान उजवीकडून पूर्ण गिरकी घेऊन तिथे पोहोचतं. तेवढ्यात मार खातं. सूत्र तीन वेळा तपासलं.

---

ध्रुवमत्स्य

सूत्र बरोबरच असणार. यानाचा रोख १ अंश आणि शत्रूचा ३५९ असेल तर तुमची वजाबाकी ३५८ देते, हवे असतात उणे २. फरक काढल्यावर तो उणे १८० ते १८० मध्ये आणून घ्या, मगच सूत्राला द्या.

---

कोरी_पाटी

तेच होतं. गिरकी गेली.

आता यान वळतं, थांबतं, गोळी झाडते वेळी शत्रूच्या थोडं पुढे नेम धरतं. धड्यातल्या पहिल्या हलत्या लक्ष्यावर पहिल्या सात गोळ्या चुकल्या, आठवी लागली. ती लढत मी अकरा वेळा परत लावून बघितली. आता रडारच्या धड्यात आहे, आणि तिथे शत्रूची जागा दर वेळी थोडी वेगळी दाखवतंय. हा गोंगाट कसा गाळायचा? सरासरी काढू का?

---

अर्धवर्तुळ

नुसती सरासरी काढलीत तर हलता शत्रू मागे राहिलेला दिसेल. आधी त्याच्या वेगावरून तो आत्ता कुठे असायला हवा ते काढा, मग रडारने दाखवलेल्या जागेकडे थोडंसंच सरका, समजा फरकाच्या पाचव्या भागाइतकं. वेगालाही तसंच. करून बघा आणि लॉग इथे टाका, मी जागा आहे.